स्पिरिटचा बोळा

डॉक्टर, तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी रीत आहे, पण ती मला पाळता येईल असं वाटत नाही. अख्ख्या पारनेर तालुक्याला पाणी उकळून प्या म्हणून सांगत फिरलात, आणि स्वतः मात्र ज्यानं तांब्या पुढे केला त्याचं पाणी घटाघटा प्यायलात. टँकरचं, डबक्यातलं, झऱ्यातून वाटीवाटीनं भरलेलं, कुठलंही. मी डोळे वटारले की म्हणायचात, "सुशीलाबाई, तिनं चार मैलांवरून डोक्यावर आणलंय हे. नाही कसं म्हणू?" नाही म्हणायचं, डॉक्टर. म्हणता येतं. देवीच्या रोग्यांच्या उशाशी दिवसदिवस बसून ज्याला काही झालं नाही तो माणूस तांब्याभर पाण्यापायी काविळीनं जातो, याचा मला संताप येतो. आणि तो काढायला तुम्ही समोर नाही.

तुम्ही कुठे शिकलात, कोणकोणत्या साथींवर काम केलंत, हे सगळं नगरच्या शोकसभेत सांगून झालंय. ते मी इथे लिहीत नाही. मला तुमच्याशी भांडायचंय, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलंय.

आमच्या आरोग्य केंद्रात तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस मला आठवतो. संशोधक येणार म्हणून मी लसीकरणाची रजिस्टरं खाकी कागदाची कव्हरं घालून टेबलावर मांडून ठेवली होती. तुम्ही त्यांना हात लावला नाहीत. म्हणालात, "रजिस्टर राहू द्या. दंड दाखवा." कोणाचे, म्हटलं. "कोणाचेही. तुमच्यापासून सुरुवात करू." देवी टोचल्याचा वण जन्मभर दंडावर राहतो, आणि रजिस्टरात टोचलेलं मूल दंडावरही टोचलेलं दिसायला हवं, एवढंच तुमचं म्हणणं होतं. ते किती अडचणीचं आहे हे आम्हाला लवकरच कळलं. आकडे भरायचे म्हणून टोचणारे सरळ शाळेत जात. तिथे पोरं आयती रांगेत बसलेली असत, त्यामुळे एकेका पोराच्या दंडावर तीन-तीन वण, आणि आईच्या पाठीवर बांधून कामाला गेलेल्या तान्ह्याच्या दंडावर काही नाही. रजिस्टर भरलेलं ते भरलेलंच.

मग तुम्हाला दंड बघण्याचा नादच लागला. सुप्याच्या फाट्यावर एसटी थांबली असताना तुम्ही कंडक्टरला बाही वर करायला लावलीत, तेव्हा तो बिचारा पोलीस चौकशी समजून घाबरला होता. एका लग्नात तुम्ही वाजंत्र्यांचे दंड तपासत बसलात आणि वरात अडली. पुणेरी मराठीत विचारायचात, "आपल्या पाल्यास देवी टोचल्या आहेत काय?" आणि बाया एकमेकींकडे बघून म्हणायच्या, "काय म्हनत्यात ह्ये?" मग मला मध्ये पडावं लागे. पण एक सांगते, तुमच्याआधी आलेल्या एकाही साहेबानं मला खुर्ची दिली नव्हती. तुम्ही तुमचे छापील फॉर्म माझ्यापुढे ठेवून, यातला कुठला प्रश्न बायांना विचारता येणार नाही, असं विचारलं होतंत. मी दोन प्रश्न दाखवले आणि तुम्ही तिथल्या तिथे ते खोडलेत. वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या सांगण्यावरून कुणी काही खोडल्याचं ते पहिलंच. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. माणसं गावं सोडून सरकारी कामांवर राहायला गेली. आपल्याकडच्या पाझर तलावाच्या कामावर तर पालांचं एक गावच उभं राहिलं. दिवसभर खडी आणि माती, खायला अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी, पोरांना सरकारी सुकडी. कुठकुठली माणसं एका ठिकाणी आलेली, एकमेकांना चिकटून झोपणारी. तुम्ही म्हणालात, इथे देवी आल्या तर वणवा पेटेल, आणि दुसऱ्या आठवड्यात आपण तिथे टोचायला बसलो.

आता मुद्द्यावर येते. त्या सकाळी बाभळीखाली तुम्ही आम्हा सगळ्या नर्सेसना सूचना दिल्यात. नवी दोन दातांची सुई लसीत बुडवायची, दंडावर भराभर पंधरा टोचे द्यायचे. "दंड पुसू नका. फारच मळला असेल तर साध्या पाण्यानं पुसा. स्पिरिट लावू नका." एवढंच बोललात आणि पुढे गेलात. मी ते ऐकलं, आणि हे आपल्यासाठी नाही असं मनाशी ठरवलं. मी मिशनच्या दवाखान्यात शिकलेली. न पुसलेल्या कातडीवर सुई टेकवली म्हणून आमच्या मेट्रननं माझ्या हातावर पट्टी मारलेली आहे. आणि ती पोरं! मुरमाच्या धुळीची पुटं, त्यावर शेंबूड, त्यावर सुकडी. मला वाटलं, ही सगळी संशोधकांची घाई आहे, नाहीतर सरकारची स्पिरिट वाचवायची युक्ती. मी माझ्या पिशवीतली बाटली काढली. कापसाचा बोळा पांढरा येईपर्यंत एकेक दंड पुसला आणि लगेच टोचला. बाया खूश. "ही बाई लई सवच्छ काम करती," असं मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि दिवसभर त्या शब्दांवर तरंगत होते.

आधी कोणी पुढे यायला तयारच नव्हतं. देवीला सुईनं डिवचायचं नसतं, हे त्यांचं म्हणणं. कोंडाबाई पहिली उठली. आपल्या तीन वर्षांच्या ठकीला मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "हिला आदुगर टोचा, बाई. मंग समद्या येतील." आणि खरंच आल्या. माझी रांग तुम्हा सगळ्यांच्या रांगांपेक्षा मोठी होती.

आठव्या दिवशी तुम्ही फोड बघायला आलात. लस लागली असेल तर तोवर टपोरा फोड येतो. दुसऱ्या नर्सेसच्या पोरांना आलेला होता. तुम्ही ठकीचा दंड उन्हात धरून बघितलात. काही नाही. दुसरं पोर, तिसरं पोर, काही नाही. मग तुम्ही माझ्या पिशवीपाशी येऊन वास घेतलात.

"पुसलंत?"

"स्वच्छ पुसलं," मी म्हटलं. अजूनही कौतुकच होईल असं मला वाटत होतं.

"आणि ओल्यावरच टोचलंत?"

तुम्ही खडीच्या ढिगावर बसलात आणि मला समजावून सांगितलंत. स्पिरिटनं जंतू मरतात. देवीची लस म्हणजे तरी जिवंत जंतूच. मी पुसलेल्या प्रत्येक दंडावर ते टेकल्या टेकल्या मेले होते. मी उसळून म्हटलं, "मग हे आधी का नाही सांगितलंत?" तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे. कारण सांगायला हवं होतं." ओरडायला हवं होतं तुम्ही, डॉक्टर. चार लोकांत माझी कानउघाडणी करायला हवी होती. तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा लस मागवलीत.

आपण त्याच दिवशी सगळ्यांना परत टोचलं. पण चार दिवसांनी ठकी तापानं फणफणली, आणि मग अंगावर उठल्या त्या देवीच. तुम्ही बोटांवर दिवस मोजलेत. पलीकडच्या पालात आजारी माणूस येऊन राहिला होता, त्याच्याकडून देवी तिच्यात शिरल्या होत्या, साधारण मी पहिल्यांदा टोचलं त्याच सुमाराला. तेव्हाच लस लागली असती तर ठकीला बहुधा काही झालं नसतं. परत टोचल्यामुळे बाकीची पोरं वाचली. ठकीसुद्धा वाचली. तुम्ही रोज सकाळी जाऊन तिचे डोळे धुवायचात, खपल्यांवरच्या माश्या हाकलत बसायचात. तरी डावा डोळा गेला.

ठकी उठून बसली त्या दिवशी आपण दोघं गेलो होतो. पालाच्या तोंडाशी, आत देवी आल्याची खूण म्हणून, कडुलिंबाचा डहाळा लटकत होता. कोंडाबाई बाहेर आली आणि मला म्हणाली, "बाई, तुमी तर टोचलं हुतं न्हवं? दोनदा टोचलं. मंग कशी काय आली?"

तुम्ही माझ्या मागे उभे होतात. आणि मी म्हटलं, "देवीची मर्जी, कोंडाबाई."

दर रविवारी चर्चला जाणारी मी. देवी हा रोग आहे, कुणाची मर्जी नव्हे, हे ओरडून ओरडून माझा घसा बसलेला. त्या दिवशी पहिल्यांदा मला ती देवी उपयोगाला आली.

जीपमध्ये बसल्यावर तुम्ही ड्रायव्हरला थांबायची खूण केलीत. मग म्हणालात, "तिला खरं सांगा." तिथून आपलं भांडण सुरू झालं ते जवळजवळ शेवटपर्यंत चाललं. मी म्हणायची, सांगितलं तर उद्यापासून एक बाई दंड पुढे करणार नाही, एका पोरीच्या आईचं समाधान करायला बाकीची पोरं उघडी टाकायची का? तुम्ही म्हणायचात, "तिनं तुमच्या शब्दावर पोर पुढे केली. तिला कळायला नको?" मी म्हणायची, तुम्ही पुण्याला परत जाल, मला इथेच राहायचंय. तुम्ही म्हणायचात, म्हणूनच. चहा ओतला की हा विषय निघायचाच. एकदा तर ड्रायव्हर म्हणाला, तुम्ही दोघं भांडा, मी तोवर चाकात हवा भरून आणतो. मी सगळंच चूक बोलत होते असं मला अजूनही वाटत नाही. अफवा कशी पसरते ते तुम्ही बघितलेलं नाही. मी एका गावात दगड खाल्लेत. पण माझ्या बोलण्यात गावाची काळजी किती आणि स्वतःची भीती किती, हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर बरं झालं असतं.

त्याऐवजी तुम्ही अहवाल लिहिलात. त्यातला एक परिच्छेद मला मोठ्या हौसेनं वाचायला दिलात. स्पिरिटमुळे लस लागत नाही हे स्वच्छ लिहिलं होतं, आणि पुढे, सूचनेमागचं कारण समजावून न देणं ही संशोधकाची चूक. माझं नाव कुठेच नाही. तुम्हाला वाटलं मला सुटल्यासारखं होईल. मला वाटलं, माझ्या हातानं झालेली चूकही माझी म्हणून माझ्याकडे ठेवत नाहीत, लहान मुलासारखं पाठीशी घालतायत. "माझी चूक तुमच्या नावावर कशाला?" मी कागद टेबलावर आपटला. तुम्ही म्हणालात, "नाव कुणाचंही असो, स्पिरिटचं लिहिलं गेलं पाहिजे. पुढच्या नर्सला कळलं पाहिजे." त्यानंतर मी तुमच्याशी तीन आठवडे बोलले नाही. तुम्ही आजारी पडल्याचंसुद्धा मला ड्रायव्हरकडून कळलं.

मी दवाखान्यात आले तेव्हा तुमचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. वहिनी पायाशी बसल्या होत्या. येताना मी मनात बरंच काही जुळवलं होतं आणि तुम्हाला बघितल्यावर पाण्यावरूनच रागावले. तुम्ही हसलात. मग विचारलंत, "ठकी कशी आहे?"

"बरी आहे. खेळते," मी म्हटलं.

तलावाचं काम बंद होऊन कोंडाबाई गावी गेल्यापासून मी तिकडे फिरकलेच नव्हते, डॉक्टर. मला काहीही माहीत नव्हतं. तुम्ही डोळे मिटलेत, आणि आपलं शेवटचं बोलणं ते झालं.

शोकसभेत आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबांनी जाहीर केलं की तुमचा अहवाल तुमच्या स्मरणार्थ छापणार. सभा संपल्यावर कचेरीतल्या क्लार्कनं टाइप केलेली प्रत दाखवली. मी तो परिच्छेद शोधला. नव्हता. त्या जागी, लोकांनी उत्तम सहकार्य दिलं आणि मोहीम यशस्वी झाली, अशी दोन वाक्यं होती. क्लार्क म्हणाला, "गेलेल्या माणसाच्या नावावर चूक कशाला ठेवायची, असं साहेब म्हणाले. तुमचंही भलंच झालं की, बाई." तुम्ही वर्षभर उन्हातान्हात फिरून एक गोष्ट शोधलीत, ती त्यांनी तुमच्या फोटोला हार घालता घालता खोडून टाकली. आणि मी काय केलं? चहा प्यायले, बिस्किट खाल्लं आणि पाचची एसटी पकडली.

परवा मंगळवारी शेजारच्या केंद्रावर मदतीला गेले होते. तिथली नर्स माझ्याच वयाची, माझ्याइतकीच नीटनेटकी. तिच्यासमोर रांग, हातात स्पिरिटचा बोळा. पांढरा येईपर्यंत पुसत होती. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "अहो, पुसायचं नाही असं कुठं लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नाही. मग तिला पटवायला मला ठकीचं सांगावं लागलं. तोंडानं हे पहिल्यांदाच सांगत होते. तिनं बोळा खाली ठेवला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या पोरीच्या आईला काय सांगितलंत?"

काल मी कोंडाबाईकडे गेले. सुप्याला उतरून आत दीड तास चालले. यंदा पाऊस बरा झालाय, ती अंगणात बाजरीची कणसं बडवत होती. ठकी बाजूला दाणे चाळत बसली होती. कोणी डावीकडून आलं की सगळी मान वळवते. कोंडाबाईला मला बघून आनंद झाला, आणि त्यानं मला जास्तच त्रास झाला. जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणाली. भाकरी आणि नुसती मीठ-मिरची घालून उकडलेली भाजी वाढली. मी सहज म्हटलं, "तेल संपलं का गं?"

"तेल हाय की. मी फोडनी देत न्हाई आता." मग गोठ्यात शेण काढणाऱ्या सासूकडे बघत शांतपणे सांगत गेली. "घरात देवी आसताना फोडनी द्यायची नसती ना, ती तडतड देवीला सोसत न्हाई. आत्याबाई म्हनत्यात, ठकीला आल्या तवा मी पालात फोडनी दिली, म्हनून देवीनं डोळा नेला. तवापासनं मी सोडली."

"दिली होतीस?"

"मला तर आठवत न्हाई. तवा तेल तरी कुठं हुतं? पर समदी म्हनत्यात म्हंजी दिली आसंल. तुमीच म्हनला हुता न्हवं, देवीची मर्जी? मंग ती मर्जी कोनामुळं बिघडली, ह्ये आमी आमचं हुडकलं."

माझा घास हातात राहिला. गावाला वाचवतेय म्हणत होते मी तुमच्यापुढे. मी झटकलेला दोष कुठेतरी जाऊन बसणारच होता, आणि तो हिच्या चुलीत जाऊन बसला होता. हे तुम्हाला तेव्हाच दिसलं असेल तर सांगितलं का नाहीत?

मी ताट बाजूला ठेवलं आणि तिला सांगितलं. पुसू नका म्हणून मला बजावलं होतं. मी ऐकलं नाही. स्पिरिटनं लस मेली. पहिल्यांदा टोचलं ते वाया गेलं, म्हणून ठकीला देवी आल्या. आणि हे मला माहीत असून मी तुझ्याशी खोटं बोलले. ती शिव्या देईल, कणसं बडवायचं लाकूड उचलेल, रडेल, सगळ्याची मी तयारी करून आले होते. तिनं ठकीकडे बघितलं.

"म्हंजी मी कायबी केलं नव्हतं?"

"नाही. तू सगळं बरोबर केलंस. सगळ्यांच्या आधी केलंस."

ती उठली. पदर खोचला आणि गोठ्याच्या दिशेनं अशी हाक मारली की शेजारच्या दोन घरांतल्या बायाही बाहेर आल्या. "आत्याबाई! ओ आत्याबाई! हिकडं या आदी!" म्हातारी शेणाचे हात तसेच घेऊन अंगणात आली. कोंडाबाई माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत मला क्षमा दिसली नाही, आणि ती मी मागितलीही नव्हती.

"बाई, परत सांगा," ती म्हणाली. "आता मोठ्यानं सांगा."

आणि डॉक्टर, मी उभी राहून माझं नाव घेतलं आणि पहिल्यापासून परत सांगितलं.